लकडी पुलाचा फोटो आहे का कुणाकडे?

पुण्याचे जुने फोटो म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, पर्वती, विश्रामबागवाडा, फार तर बंडगार्डनचा पूल. आता लकडी पुलाचा जुना फोटो आठवून पाहा. पुरातला नको आणि विसर्जनाच्या मिरवणुकीतलाही नको. साध्या मंगळवारी सकाळी दहा वाजता सायकलवाले ऑफिसला चाललेत, भाजीवाल्या डोक्यावर पाट्या घेऊन गावात येताहेत, असा फोटो. नाही ना आठवत? मलाही नाही. सगळा जन्म पुण्यात गेला, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, जुने फोटो मिळतील तिथे पाहिले, पण असे फोटो माझ्या पाहण्यात दोन-तीनच आले.

असं का झालं असावं, हा विचार गेले काही महिने डोक्यात घोळतोय. तोच आज लिहून काढते.

सुरुवात लकडी पुलापासूनच करू. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. त्या पराभवानंतर नानासाहेब पेशव्यांनी मुठेवर लाकडी पूल बांधवला असं सांगतात. हरून परतणाऱ्या सैन्याला नेहमीच्या वाटेनं, लोकांच्या नजरा झेलत गावात शिरावं लागू नये म्हणून, अशी त्यामागची कथा. नानासाहेब स्वतः त्याच वर्षी जून महिन्यात पर्वतीवर वारले. पूल मात्र राहिला, आणि पुढे १८४० च्या दशकात त्या जागी दगडी पूल आला. आता गंमत पाहा. फोटोग्राफीचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला तो १८३९ साली. म्हणजे कॅमेरा जगात आला आणि आपला लाकडी पूल गेला, दोन्ही साधारण एकाच सुमाराला. दोघांची गाठ काही पडली नाही. पुलाला दगडाचा होऊन पावणेदोनशे वर्षं झाली, कागदोपत्री त्याचं नाव संभाजी पूल आहे, तरी आपण म्हणतो लकडी पूलच. कॅमेऱ्याला जे जमलं नाही ते पुणेकरांच्या जिभेनं केलं. ही जीभ अशी क्वचित सत्कारणीही लागते!

कॅमेरा आपल्याकडे उशिरा आला म्हणावं, तर तसंही नाही. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. पुढच्याच वर्षी सरकारनं कॅप्टन बिग्ज नावाच्या अधिकाऱ्याला जुन्या इमारतींचे फोटो काढण्याच्या कामावर नेमलं. विजापूर, बदामी, ऐहोळे इथले त्यानं काढलेले फोटो प्रसिद्ध आहेत. म्हणजे कॅमेरा होता, हौस होती, सरकारचा पैसाही होता. पण लेणी, देवळं, घुमट यांना जो मान मिळाला तो रोजच्या वापरातल्या पुलाला मिळाला नाही.

पुलांतही पंक्तिप्रपंच होताच. बंडगार्डनचा पूल म्हणजे फिट्झजेराल्ड ब्रिज. तो १८६९ साली झाला, मुंबईच्या गव्हर्नरचं नाव मिळालेला, दोन्ही टोकांना दगडी सिंह बसवलेला. शेजारी बंधारा, बाग, संध्याकाळी हवा खायला येणारे साहेब-मडमा. असा पूल पोस्टकार्डावर झळकला नाही तरच नवल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची पुण्याची जी चित्र-पोस्टकार्डं मी पाहिली, त्यांत हा पूल पुन्हा पुन्हा भेटतो. साहेब ते कार्ड विलायतेला आपल्या बहिणीला धाडत असणार. लकडी पूल पडला पेठांचा. त्याच्यावरून शेणी, चारा, भाजी आणि माणसं यायची. त्याचं कार्ड कोण कुणाला पाठवणार? ज्या वास्तूत कुणाचा तरी अभिमान गुंतलेला असतो तिचा फोटो निघतो. जिच्यात फक्त लोकांची सोय गुंतलेली असते तिचा निघत नाही.

मग आला नवा पूल, १९२३ साली. गव्हर्नर लॉईड यांचं नाव त्याला दिलं होतं, पुढे तो शिवाजी पूल झाला. शंभरी उलटली तरी आमच्या पिढीच्या तोंडी तो 'नवा पूल'च. योगायोग असा की त्याच १९२३ साली सरकारी गुपितांचा कायदाही झाला. त्यात 'निषिद्ध ठिकाण' अशी एक संज्ञा आहे. अशा ठिकाणाचे शत्रूला उपयोगी पडतील असे नकाशे-चित्रं काढणं हा गुन्हा, आणि सरकार रेल्वे, रस्ते, जलमार्ग अशांनाही निषिद्ध ठिकाण म्हणून जाहीर करू शकतं. पुढे कित्येक मोठ्या पुलांच्या तोंडाशी 'फोटो काढण्यास सक्त मनाई आहे' अशा पाट्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. १९७० च्या दशकात आम्ही शाळेची सहल घेऊन गेलो होतो, तेव्हा एका रेल्वे-पुलापाशी आमच्या चित्रकलेच्या सरांनी कॅमेरा काढला. हवालदारानं लगेच येऊन तो पिशवीत ठेवायला लावला. मुलांनी विचारलं, "बाई, पुलाचा फोटो काढला तर काय होतं?" मी म्हटलं, "शत्रूला पूल कुठे आहे ते कळतं." त्यावर एक मुलगी म्हणाली, "पण तो तर नदीवरच असणार ना!" हवालदारसुद्धा हसला. आज उपग्रहातून अख्खी नदी घरबसल्या दिसते आणि त्या मुलीचं म्हणणं खरं ठरलं आहे.

अर्थात घरगुती फोटो निघाले नाहीत त्याचं कारण कायद्यात नाही, खिशात होतं. आमच्या लहानपणी कॅमेरा म्हणजे वाड्यात एखाद्याकडे. पुढे 'आग्फा क्लिक थ्री' आला आणि जरा आवाक्यात आला. त्यात एका रोलचे फोटो बारा. हे बारा फोटो कशाकशावर खर्च करायचे ते आधी ठरलेलं असे. मुंज, डोहाळजेवण, बारसं, परगावी निघालेला मामा. "उगाच झाडंझुडपं काढू नकोस," हे वाक्य प्रत्येक घरात उच्चारलं गेलं असेल. मग घाट आणि पूल फोटोत यायचे ते आपसूक, माणसांच्या मागे उभे राहून. आमच्या काकांनी १९६१ च्या जानेवारीत एका मुंजीनंतर ओंकारेश्वरापाशी सगळ्यांना उभं करून बॉक्स कॅमेऱ्यानं फोटो काढला होता. दोघांच्या माना छाटल्या आहेत, मुंजा भलतीकडेच पाहतोय. पण मागे नदीत उतरणाऱ्या पायऱ्या दिसतात. मी भिंग लावून मोजल्या, चौदा आहेत. त्यांच्याखाली खडकावर धुणं वाळत टाकलेलं, आणि पलीकडच्या काठावर झाडी. पुढे १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उभं राहिलं ते त्या काठाला. काकांना यातलं काहीच काढायचं नव्हतं. आज त्या फोटोतली बहुतेक माणसं गेली. राहिलेल्यांना एकमेकांची नावं आठवत नाहीत. पण नदीचं पात्र तेव्हा कुठपर्यंत होतं, पायऱ्या किती उघड्या होत्या, याची ती एक बिनतोड नोंद आहे. जमिनीला सातबारा असतो ना, तसा तो नदीचा सातबारा आहे.

हा फोटो आमच्याकडे राहिला कसा, तेही सांगते. १२ जुलै १९६१. मी तेव्हा दहा वर्षांची. आदल्या रात्री सैनिकांनी वाळूची पोती रचून पानशेतचा बांध कसाबसा धरून ठेवला होता, म्हणून तो रात्री न फुटता सकाळी फुटला. नाहीतर झोपेतच किती पुणं गेलं असतं, कल्पना करवत नाही. मग खडकवासलाही फुटलं. आम्ही नेसत्या वस्त्रांनिशी पर्वतीच्या बाजूला पळालो. परतलो तेव्हा ट्रंकेतला अल्बम चिखलानं भरला होता आणि फोटो ओल्या पापडांसारखे एकमेकांना चिकटलेले. आईनं ते एकेक सोडवून दोरीवर वाळत घातले. वाळल्यावर कागद उरले, माणसं गेली. आज आमच्याकडे १९६१ च्या आधीचे जे सात-आठ फोटो आहेत, ते सगळे आत्याला अकोल्याला पोस्टानं पाठवलेले. तिनं जपले म्हणून ते वाचले. पूरग्रस्त घरांतल्या अनेकांची हीच कथा असेल. फोटो सापडले ते नात्यातल्या परगावच्या घरी.

त्या दिवशी शहरातले जवळपास सगळे पूल पाण्याखाली गेले. बंडगार्डनचा तेवढा वर राहिला. म्हणजे ज्या पुलाचे ढीगभर फोटो होते तोच शाबूत राहिला, आणि ज्याचे नव्हते त्या लकडी पुलाची मोडतोड झाली. मग मात्र त्याचे फोटो निघाले! वर्तमानपत्रांत आले, लोकांनी जपून ठेवले, अजून दर १२ जुलैला ते फिरत असतात. आपल्या शहरातला एक पूल धड असताना कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही आणि मोडल्यावर सगळ्यांनी पाहिलं, याचं मला वाईट वाटतं.

पुराची अजून एक नोंद होती, ती आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात. पाणी ओसरल्यावर माडीवरच्या भिंतीवर चिखलाची रेघ राहिली. वडिलांनी ती खिळ्यानं कोरून पक्की केली आणि खाली लिहिलं, १२-७-६१. चार वर्षांनी थोरल्या दादाला क्लिक थ्री मिळाला तेव्हा त्यानं त्या रेघेचा फोटो काढला. भिंतीचा एकटीचा फोटो काढायचा त्याला धीर झाला नाही म्हणून मला शेजारी उभं केलं. मी चौदा वर्षांची, दोन वेण्या, चेहऱ्यावर त्रासिक भाव. रेघ माझ्या खांद्याच्या किंचित वर.

तो वाडा १९९४ साली पाडला, तिथे इमारत झाली. भिंत गेली, रेघही गेली. आता पुढचं ऐका. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, हे तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर महिन्याभरात त्या इमारतीतले एक तरुण गृहस्थ शोधत माझ्याकडे आले. नुकताच तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलेला. म्हणाले, "मावशी, आमच्या इथे कधी पाणी आलं होतं का हो? कुणी म्हणतं पायरीपर्यंत, कुणी म्हणतं आलंच नव्हतं." मी काही न बोलता तो फोटो पुढे ठेवला. त्यांनी माझी तेव्हाची उंची विचारली, जोत्याची उंची विचारली, खालच्या मजल्याची विचारली, कागदावर बेरीज केली आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फोटोत तुम्ही आहात म्हणून बरं झालं. नुसत्या रेघेवरून काहीच कळलं नसतं."

किती खरं बोलले! आपण प्रेक्षणीय स्थळी फोटो काढताना, "ओ, जरा बाजूला व्हा" म्हणून माणसं हाकलतो. रिकामा घाट, रिकामा पूल सुंदर दिसतो हे मान्य. पण माणूस फोटोत असला की तो मोजपट्टीचं काम करतो. त्याच्या कपड्यांवरून काळ कळतो, उभं राहण्यावरून कठड्याची उंची कळते, हातातल्या पिशवीवरून तो कुठे निघाला होता तेही कळतं.

आता फोटो कमी नाहीत. उलट इतके आहेत की मोजणं सोडून द्यावं. माझा भाचा सॅन फ्रान्सिस्कोला असतो, त्यानं गोल्डन गेट पुलाचे इतके फोटो पाठवलेत की तिथलं धुकं आता मला ओळखीचं झालंय. १९३७ सालचा तो पूल जगातल्या बहुतेकांनी फोटोतच पाहिला असेल. पण हाच भाचा पंधरा वर्षं लकडी पुलावरून सायकल रेटत शाळा-कॉलेजात गेला, तिथला त्याचा एकही फोटो नाही. प्रवासात आपले डोळे उघडे असतात आणि घरी मिटलेले.

फोटो काढण्याच्या नादात आपण पुलाकडे पाहतच नाही, असंही होतं. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. कोकणात जाणाऱ्या किती माणसांनी खिडकीतून सावित्रीचं पाणी पाहिलं असेल. पण खालच्या दगडी खांबांकडे कुणाची नजर गेली? १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, चार माणसं गेली. रविवार होता, पाणी पाहायला, फोटो काढायला आलेल्या लोकांची पुलावर गर्दी झाली होती. त्या पुलावर उभं राहून किती जणांनी फोटो काढले असतील! त्यांतले बरेचसे पुलावर*चे* होते, पुला*चे* नव्हते. कठडा गंजलाय, पत्रा सुटलाय, हे टिपणारे चार फोटो वेळेवर योग्य टेबलावर पोचते तर, असं मनात येतंच.

आणि आता आपल्या मुठेचंच पाहा. पात्रातून मेट्रोचे खांब गेले. १ ऑगस्ट २०२३ ला गरवारे कॉलेजपासून पुढचा टप्पा सुरू झाला. डेक्कन आणि संभाजी उद्यान या स्टेशनांची छपरं पगडीच्या आकाराची आहेत, लोक हौसेनं त्यांचे फोटो काढतात, मीही काढला. नदीकाठ सुधारण्याची मोठी योजना चालू आहे, तिचं भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला झालं. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटर लांबीचे काठ त्यात बांधून निघणार आहेत. कुणी म्हणतं शहराला नदी परत मिळेल, कुणी म्हणतं पात्र आवळलं जाईल, झाडं जातील. दोन्हीकडे अभ्यासू माणसं आहेत. मी इतिहासाची शिक्षिका, माझं म्हणणं एवढंच आहे की वाद घालायला आधी पुरावा हवा. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की इथे काठ कसा होता, पाणी कुठवर यायचं, तर नकाशे कदाचित मिळतील. पण नकाशात धुणं वाळत घातलेलं दिसत नाही.

शाळेत होते तेव्हा मी दर जुलैमध्ये सातवीच्या वर्गाला नव्या पुलावर नेत असे. कॅमेरा नव्हता, म्हणून चित्रकलेच्या वह्या न्यायच्या. "जे दिसतं ते काढा, सुंदर करू नका," एवढीच सूचना. मुलं म्हशी काढत, कचरा काढत, एकानं तर नदीऐवजी कठड्यावर बसलेला भिकारीच काढला. त्यातल्या काही वह्या अजून माझ्या माळ्यावर आहेत. १९८४ सालच्या चित्रांत पात्रातले जे खडक दिसतात, ते आज मला तिथे उभं राहून सापडत नाहीत.

आता सगळ्यांच्या हातात फोन आहे, तेव्हा हे काम किती सोपं झालंय! आपल्या घराजवळचा एक पूल किंवा घाट निवडा. दर वर्षी एकाच तारखेला, एकाच जागी उभं राहून, एकाच दिशेला एक फोटो काढा. पुणेकरांसाठी १२ जुलै ही तारीख सुचवते. माणसं येत असतील तर येऊ द्या. व्हॉट्सअॅपवरून नुसता पाठवला की फोटोतली तारीख-ठिकाणाची नोंद सहसा गळून पडते, म्हणून वर्षाचा एक तरी कागदावर छापून घ्या आणि मागे पेन्सिलीनं लिहा: तारीख, कुठे उभे होतो, तोंड कुठे होतं. आणि एक प्रत परगावच्या नातेवाइकाकडे ठेवा. आमच्या आत्यानं हे न शिकवता शिकवलं.

आणि आता मुख्य मागणं. नात्यातल्या सगळ्यांना आणि इथे नेहमी वाचायला येणाऱ्या मंडळींना विनंती आहे, दिवाळीची साफसफाई करताना जुन्या ट्रंका उघडा. १९६१ च्या आधीचा, मुठेच्या काठचा, लकडी पुलाजवळचा कसलाही फोटो असला तरी मला कळवा. मुंजीचा असेल, नव्या सायकलीचा असेल, रुसलेल्या जावईबापूंचा असेल. पुढच्या माणसांच्या माना छाटलेल्या असल्या तरी हरकत नाही. मागचा पूल तेवढा दिसायला हवा.